आधी आखणी, मग जोडणी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गोव्यास जाण्यासाठी आम्ही ग्वाल्हेरहून गाडीचे तिकीट घरबसल्या काढावयास गेलो. खात्यातून पैसे वजा झाले. तिकीट मात्र हाती आले नाही. काही दिवसांनी पैसे परत मिळाले खरे, पण तोवर जीव टांगणीला लागला. चौकशी केली, तर जो तो म्हणे, "आमचे काम आम्ही चोख केले!"

आम्हांस वाटते, ते खरेही असेल. एका तिकिटामागे अनेक संगणक-सेवा राबत असतात. एक जागा शोधते, दुसरी पैसे घेते, तिसरी तिकीट देते. प्रत्येक सेवा निर्दोष असूनही त्यांची जोडणी सदोष असू शकते. त्यातून एखादी बंद पडली, तर ऐनवेळी दुसरी निवडली जाते. स्नेहसंमेलनात आजारी नटाच्या जागी दुसरा उभा करावा, तसेच हे. त्याला संवाद पाठ असले, तरी कोणाच्या वाक्यानंतर बोलावयाचे हे ठाऊक नसेल, तर नाटक अडतेच.

यावर उपाय गणितात आहे. जर्मन गणितज्ञ कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून 'पेट्री जाळे' ही रीत उदयास आली. कागदावरील वर्तुळे म्हणजे स्थिती, रेघा म्हणजे क्रिया. वर्तुळांतून सोंगट्या फिरतात. क्रियेकडे येणाऱ्या प्रत्येक वर्तुळात सोंगटी असल्याखेरीज ती क्रिया घडत नाही. 'पैसे मिळाले' या वर्तुळातून 'तिकीट द्या' एवढी एकच वाट काढली आणि तोवर जागा संपली, तर सोंगटी तेथेच अडकते. 'पैसे परत करा' ही दुसरी वाट हवी, हे कोणाचाही रुपया अडकण्यापूर्वीच कागदावर दिसते. बदली सेवेचीही अशीच परीक्षा घेता येते.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? चुका दिसतील तशा सुधाराव्यात. पण त्या चुका सापडतात त्या दुसऱ्याच्या खिशास चाट बसल्यावर! अर्थात, आखणीत जे मांडलेच नाही, त्याची परीक्षा गणितही घेऊ शकत नाही. म्हणून आखणारा सावध हवा.

विद्यार्थिमित्रहो, माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन शिकविणारी एक राष्ट्रीय संस्था १९९७ पासून आपल्याच नगरीत आहे. उद्या तुमच्यापैकी काही जण तेथे जातील. संगणकास आज्ञा देण्यापूर्वी कागदावर आखावयास शिका. आणि प्रत्येक वाटेच्या टोकाशी कोणीतरी प्रवासी ताटकळत उभा आहे, हे विसरू नका.