'फॉर्मॅट मारा' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा!

'फॉर्मॅट मारा' हा आपल्या धंद्यातला सगळ्यात आळशी सल्ला. आणि तो देणारे बहुतेक आपणच, पुण्या-बंगलोरला एसीत बसून कोड लिहिणारे!

ताजं उदाहरण पन्हाळ्याचं. ओळखीच्या एका काकांची तिथे खानावळ आहे. वीसेक वर्षांचा हिशेब फॉक्सप्रोमधे, विंडोज ९८ वाल्या जुन्या पेंटियमवर, डॉसमधे. गेल्या महिन्यात प्रोग्राम उघडेना, 'मेमरी अपुरी' म्हणून बाहेर फेकायचा. दुकानातल्या पोरानं निदान केलं: रॅम गेली, तसली आता मिळत नाही, फॉर्मॅट मारून भंगारात द्या. म्हणजे हिशेबही भंगारात!

अहो, मशीनमधे ६४ एमबी रॅम होती आणि ती ठणठणीत होती. भांडण चाललं होतं पहिल्या ६४० केबीसाठी. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या प्रोसेसरला १ एमबीच मेमरी दिसायची. त्यातले ६४० केबी प्रोग्रामना, वरचे ३८४ केबी स्क्रीन, बायॉस आणि जादा कार्डांसाठी राखीव. पुढे रॅम वाढली, पण डॉसच्या प्रोग्रामना सुरू व्हायला जागा लागते ती त्या ६४० केबीतच. पन्हाळ्याच्या अंबरखान्याची कोठारं धान्यानं भरलेली असोत, दारातच पोती रचली तर आत जाणार कोण?

इथे पोती म्हणजे ड्रायव्हर. नवा सीडी ड्राइव्ह बसवताना कॉन्फिग फाइलीत कुणीतरी ते कोंबले होते. मी त्यांना वरच्या मोकळ्या जागेत ढकललं. हायमेम आणि ईएमएम३८६ ही जोडी १९९१ च्या डॉस ५ पासून हेच काम करते. पण मशीन गोठलं! मग सुरू होताना एफ८ दाबून एकेक ओळ चालवली. ईएमएम३८६ ज्या जागेला मोकळी समजत होता, तिथे नेटवर्क कार्डाची मेमरी होती. त्याच्या ओळीत 'एक्स=' लिहून तेवढा पट्टा वगळला. झालं. वेळ पाऊण तास, खर्च शून्य.

"डॉस कोण वापरतं आता?" बरं, विंडोज ११ घ्या. तिथे 'मेमरी इंटिग्रिटी' सुरू होत नाही, कारण कुठल्यातरी जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आडवा येतो. विंडोज त्या ड्रायव्हरचं नावसुद्धा दाखवतं. तरी सल्ला काय? नवा लॅपटॉप घ्या! १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून तर या सल्ल्याला फारच जोर चढलाय.

जुनं मशीन जन्मभर वापरा असं मी म्हणत नाही. ते आज ना उद्या मरणारच. काकांचा प्रोग्राम पुढेमागे नव्या मशीनवर डॉसबॉक्समधे हलवायचाच आहे. पण हलवायला आधी डेटा तर हवा ना?

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी डेटाची कॉपी. मग प्रश्न: शेवटचं नवीन काय बसवलं? मग एकेक ड्रायव्हर बंद करून बघणं. एवढं केल्यावरच नव्या खरेदीची गोष्ट.

डॉक्टरनं नाडी न बघता "माणूस बदला" म्हटलं तर आपण त्याला हाणू. आपल्याला मात्र लोक वर चहा पाजतात. असो.