तिकीट कोणी ठरवायचे?

पक्षाचा उमेदवार मुख्य मतदानाआधी मतदारांकडूनच निवडून घेण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. तिला प्राथमिक निवडणूक म्हणतात. फ्लोरिडात ती बंदिस्त असते. मतदारयादीत ज्याने त्या पक्षाशी आपली नोंद केली आहे, त्यालाच मत देता येते. न्यू हॅम्पशायरमध्ये कोणत्याच पक्षाकडे नोंद नसलेला मतदारही दोनपैकी एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. भारतात मतदारयादीत पक्षाचा रकानाच नाही, म्हणजे कायद्याच्या नजरेत येथील प्रत्येक मतदार अपक्ष आहे. तरीही उमेदवार ठरवण्यात त्याला काडीचाही वाटा नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९-अ पक्षनोंदणीचे नियम सांगते; उमेदवार कसा निवडावा, हे सांगत नाही. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा ए-बी फॉर्म ज्याच्या हाती, तिकीट त्याच्या हाती.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीने सांगलीची जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला दिली आणि पैलवान चंद्रहार पाटील उमेदवार झाले. आघाडीतल्याच काँग्रेसचे इच्छुक विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि भाजपचे खासदार संजयकाका पाटील यांना एक लाखाहून अधिक मतांनी हरवून निवडून आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा आला.

उमेदवार मतदारांनीच निवडावा, या मागणीवर एक युक्तिवाद असा की, चुकीचे तिकीट मतदार मतपेटीतूनच दुरुस्त करतो, मग वेगळी निवड कशाला? सांगलीचा निकाल त्यासाठी पुढे केला जातो, पण तो अपवाद आहे. विशाल पाटील हे माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांचे नातू. घराण्याचे नाव आणि गावोगावचे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी होते. २०१४ साली कराड दक्षिणेत सात वेळा आमदार झालेल्या विलासकाका उंडाळकरांना काँग्रेसने विधानसभेचे तिकीट नाकारले. ते अपक्ष लढले आणि काँग्रेसचे उमेदवार पृथ्वीराज चव्हाण यांच्याकडून हरले. जिथे उंडाळकरांचा निभाव लागला नाही, तिथे साध्या कार्यकर्त्याने बंडखोरी कशाच्या बळावर करावी? शिवाय दहाव्या परिशिष्टानुसार अपक्ष निवडून आलेला सदस्य नंतर पक्षात गेला तर अपात्र ठरतो. म्हणून मतदाराने केलेली दुरुस्तीही अर्धीच राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पक्ष ही स्वेच्छेने बनलेली संघटना, तिच्या घरात बाहेरच्याने का यावे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कॅलिफोर्नियाची सर्वांना खुली पद्धत याच कारणाने रद्द केली. मात्र त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये कनेक्टिकटच्या खटल्यात, पक्षाची इच्छा असेल तर अपक्ष मतदारांना सामील करण्यास राज्य आडकाठी करू शकत नाही, असा निर्णय दिला होता. सक्ती नको, हे मान्यच. पण आपले दार आपण होऊन उघडण्यापासून पक्षांना कोणी अडवलेले नाही.

मग निदान सभासदांपुरती निवड घ्यावी, असे काही जण सुचवतात. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत वर्धा आणि लातूरमध्ये तसा प्रयोग केला; मतदार होते पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी. वर्ध्यात तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे निवडले गेले. पुढे दोन्ही जागा गेल्या. पण त्या वर्षी काँग्रेसची राज्यभर वाताहत झाली, तेव्हा पराभवाचा दोष या पद्धतीवर टाकणे अन्यायाचे. खरा दोष मत देणाऱ्यांच्या यादीत होता. सातारा-सांगलीतील साखर कारखान्यांच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही: सभासद कोणाला करायचे हे ज्याच्या हाती, निम्मी निवडणूक त्याने आधीच जिंकलेली असते. पक्षाची बंदिस्त यादीही घराण्यांच्याच हाती जाईल. निवडणूक आयोगाची यादी मात्र कोणा नेत्याने केलेली नसते; म्हणून निवड त्याच यादीवर, सर्व मतदारांना खुली हवी.

अशा खुल्या निवडीत विरोधक मुद्दाम दुबळा उमेदवार निवडून देतील, ही भीती अगदी निराधार नाही. सर्व पक्षांनी एकाच दिवशी निवड घेतली, बोटाला शाई लावली आणि एका मतदाराला एकच मतपत्रिका दिली, तर ती बरीच ओसरते. दुसऱ्याच्या घरात खोडी काढणाऱ्याला आपल्या उमेदवारावरचे मत गमवावे लागते.

आघाड्यांच्या राजकारणात एवढ्यानेही भागणार नाही. सांगलीचा तंटा व्यक्तीआधी जागेचा होता, आणि एका पक्षापुरती निवड त्यावर काहीच उत्तर देत नाही. त्यासाठी आघाडीनेच मतदारसंघवार एकत्र निवड घ्यायला हवी, घटक पक्षांचे सर्व इच्छुक एकाच मतपत्रिकेवर ठेवून. तशी निवड झाली असती, तर चंद्रहार पाटील की विशाल पाटील, हा कौल सांगलीकरांनी ७ मे २०२४ च्या मतदानाआधीच दिला असता.