भटक्या मज्जातंतू

चाळीतले एखादे काका दिवसेंदिवस गप्प बसून राहतात. लोक म्हणतात, ‘नुसता आळस!’ पण नैराश्य हा आजार आहे बरं का!

औषधांनीही तो हटला नाही तर? मेंदूतून एक मज्जातंतू मानेतून उतरून थेट पोटापर्यंत भटकतो. नावच ‘व्हेगस’, लॅटिनमध्ये भटक्या! छातीत बसवलेलं छोटं यंत्र मानेत त्याला विजेचे हलके ठोके देतं. ते मेंदूत पोचतात आणि भावना सांभाळणाऱ्या भागांचं काम हळूहळू बदलतं. गुण यायला महिने लागतात, सगळ्यांना येतोच असं नाही. अमेरिकेने २००५ साली या उपचाराला मान्यता दिली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात २०२३ साली नैराश्यासाठी थेट मेंदूतच तारा बसवल्या!

सुरुवात मात्र साध्या तपासणीने होते. परळच्या केईएममध्ये मनोविकार विभाग आहे. काकांना तिथवर कुणाची तरी सोबत हवी.