गांजा सुटला, पण झोपेचे काय?

गांजा सोडू पाहणाऱ्या माणसाची खरी परीक्षा रात्री होते, ही गोष्ट आमच्या समाजाला अद्याप उमगलेली नाही. दहा-पंधरा वर्षांची सवय एका निर्धाराने टाकून देणारा तरुण दिवस कसाबसा काढतो. रात्र मात्र त्याला काढवत नाही. दिवे मालवले तरी डोळे टक्क उघडे राहतात. पहाटे कुठे डोळा लागलाच, तर स्वप्नांची अशी झुंबड उडते की, तो घामाघूम होऊन उठून बसतो. पुष्कळांना तर आपण पुन्हा गांजा ओढीत आहोत, असेच स्वप्न पडते आणि जागे झाल्यावर न केलेल्या अपराधाची टोचणी लागते. अशा चार-पाच रात्री गेल्या म्हणजे तो मनाशी म्हणतो, 'गांजावाचून आपल्याला झोप नाही, हेच खरे!' आणि सोडलेला गांजा पुन्हा हाती येतो. घरची माणसे कपाळाला हात लावून म्हणतात, 'याचा निश्चयच कच्चा!' आम्हांला हा न्याय मुळीच मान्य नाही. पुढे काय वाढून ठेवले आहे हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याच्या निश्चयाला बोल लावण्याचा अधिकार कोणाला?

या रात्रींमागे भुताटकी नाही आणि वेडाची चाहूलही नाही. झोपेच्या ज्या अवस्थेत मिटल्या पापण्यांआड बुबुळे वेगाने हलतात, तिचा शोध शिकागो विद्यापीठात आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्ने मुख्यत्वे याच अवस्थेत पडतात. गांजातील मादक द्रव्य टीएचसी हे या अवस्थेला आवर घालते, असे निद्रेच्या अनेक प्रयोगांत आढळले आहे. नित्य गांजा ओढणारे 'आम्हांला स्वप्नेच पडत नाहीत' असे सांगतात, त्याचे मर्म यातच असावे. इस्रायलमधील मेकूलम व गाओनी यांनी १९६४ साली टीएचसीची रचना उलगडली. पुढे १९९२ साली असे दिसून आले की, त्याच्यासारखे काम करणारे एक द्रव्य आपला मेंदू स्वतःच तयार करतो. संशोधकांनी त्याला आपल्या 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले. आता बाहेरून वर्षानुवर्षे हा माल येऊ लागला म्हणजे तो स्वीकारणारी मेंदूतील केंद्रे हळूहळू घटतात. मग एके दिवशी माल बंद होतो. दबून राहिलेली स्वप्नावस्था उसळी घेते, आणि ती सावरण्याची मेंदूची स्वतःची व्यवस्था तर अद्याप दुबळीच असते!

परंतु ही दुर्बलता कायमची नव्हे. गांजा सोडल्यावर एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो, पहिल्या आठवड्यात तो कळसास पोहोचतो आणि चिडचिड, अन्नावरची वासना उडणे यांसारख्या बहुतेक तक्रारी दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. झोप आणि स्वप्ने यांची तक्रार तेवढी रेंगाळते. कोणाला महिना, कोणाला दीड महिना, कोणाला त्याहूनही अधिक. सुमारे चार आठवड्यांच्या संयमानंतर मेंदूतील ती केंद्रे जवळजवळ पूर्ववत होतात, असे मेंदूच्या चित्रणांवरून दिसून आले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१३ साली आपल्या निदानग्रंथात या अवस्थेची रीतसर नोंद केली आणि तिच्या लक्षणांत निद्रानाश व त्रासदायक स्वप्ने यांना स्थान दिले.

यावर कोणी म्हणेल की, गांजा-भांग तर आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली. १८९४ सालच्या सरकारी आयोगानेही तिच्या माफक सेवनाला निरुपद्रवी ठरविले. आयोगाचा निर्वाळा माफक सेवनापुरता होता. ज्याला गांजावाचून उशीला डोके टेकवत नाही, त्याच्या सेवनाला माफक म्हणणे ही शब्दांची थट्टा आहे. दुसरा कोणी विचारील, 'सोडल्याने झोप जाते, तर सोडावाच कशाला?' त्याला आमचे उत्तर असे की, गांजाची झोप ही उसनी झोप आहे. सवय जुनी होते तसा तिचा गुण ओसरतो, मात्रा वाढवावी लागते आणि फेडीचा दिवस तेवढा लांबतो. तिसरा आक्षेप असा की, हे सारे आधी सांगितल्याने माणूस भिऊन जाईल. शस्त्रक्रियेपूर्वी 'जखम आठ दिवस ठणकेल' असे डॉक्टर सांगतात, म्हणून रोगी पळून जातो काय? उलट, ती ठणकू लागल्यावर शस्त्रक्रिया फसली असे त्याला वाटत नाही.

हा प्रश्न मूठभरांचाही नव्हे. दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतलेले सुमारे ३.१ कोटी लोक देशात होते. त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'सारख्या संस्थांनी महाराष्ट्राला व्यसनी माणसाकडे रोगी म्हणून पाहावयास शिकविले. त्याच दृष्टीने आता रात्रीच्या या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. निद्रानाशाची तक्रार घेऊन येणाऱ्याला डॉक्टरांनी गांजाविषयी निःसंकोच विचारावे आणि या चार-सहा आठवड्यांची कल्पना त्याला आधीच द्यावी. सवय लावणाऱ्या झोपेच्या गोळ्या सर्रास देऊन एका दोरीची गाठ सोडताना दुसरी बांधू नये. नियमित वेळी उठणे, दिवसा न लोळणे, दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे, दारूचा आधार न घेणे, हे साधे नियम शिकविणारा सल्लागार पालिकेच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असावा. गांजा तंबाखूत मिसळून ओढणाऱ्याला एकाच वेळी दोन व्यसनांशी झुंजावे लागते, याचेही भान ठेवावे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांना १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ समजावून सांगावे. स्वेच्छेने मान्य रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ते सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते. मन फारच खचले, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' सेवेशी विनामूल्य बोलता येते, हे घरोघरी ठाऊक असावे.

आणि घरच्यांना आमची हात जोडून विनंती आहे. मध्यरात्री दचकून उठलेल्या मुलाला 'भोग आता आपल्या कर्माची फळे!' असे म्हणू नका. पाण्याचा पेला द्या, घटकाभर जवळ बसा आणि सांगा की, ही स्वप्ने तुझा मेंदू ताळ्यावर येत असल्याची खूण आहे. उपदेशाची दहा व्याख्याने जे साधणार नाहीत, ते अशा वेळचा एक शब्द साधून जाईल!