पदरमोड करून रडण्याविषयी

जगात दुःखाची काय वाण पडली आहे म्हणून पदरमोड करून आणखी रडायला जायचे, हा सवाल शोकान्त नाटकाच्या तिकीटखिडकीवरून मागे फिरून विनोदी नाटकाकडे वळणारा गृहस्थ ज्या सहजपणे टाकतो, त्या सहजपणे त्याची वासलात लावता येत नाही. हा गृहस्थ अरसिक नसतो. दिवसभराच्या कटकटींनी तो खरोखरच त्रासलेला असतो. परंतु तितकाच त्रासलेला दुसरा एखादा मनुष्य त्याच संध्याकाळी मुद्दाम वाट वाकडी करून शोकान्त नाटकाला जातो आणि डोळे पुसत, पण तृप्त होऊन बाहेर पडतो, याची संगती कशी लावायची?

१९१९ च्या जानेवारीत राम गणेश गडकरी निवर्तले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. त्यातली बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर पाहण्यासाठी जे प्रेक्षक पुनःपुन्हा गेले, त्यांना शेवट ठाऊक नव्हता असे थोडेच आहे? कोर्टातल्या मानभंगामुळे दारूकडे वळलेला बुद्धिमान वकील, परक्यांची दळणे दळून संसार रेटणारी त्याची बायको, बापाच्याच हातून दगावलेले तान्हे मूल आणि मरणाच्या दारात पडलेल्या सिंधूने नवऱ्याला वाचवण्यासाठी फौजदारापुढे दिलेली खोटी जबानी, हे सारे तोंडपाठ असूनच ते जात होते. सिंधूचे ते पातिव्रत्य आज पटण्यासारखे नाही. मला तर ते मुळीच पटत नाही, आणि तिने त्या घटकेला फौजदाराला खरे सांगून टाकायला हवे होते असे दर वेळी वाटते. तथापि असे वाटत असतानाच घसाही दाटून येतो. बुद्धीची संमती नसतानाही करुणा आपला वसूल घेते, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या शास्त्रकारांना हा पेच चांगला ठाऊक होता. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाचा युक्तिवाद असा, की करुण रसात निव्वळ दुःखच असते तर त्याकडे कोणी फिरकलेच नसते आणि रामायणासारखे ग्रंथ दुःखाचे कारण ठरले असते, ज्या अर्थी सहृदय लोक तिकडे ओढले जातात, त्या अर्थी तो आनंदच असला पाहिजे, आणि अश्रू येतात ते चित्त द्रवल्यामुळे. युक्तिवाद बिनतोड दिसतो, पण जे सिद्ध करायचे तेच त्यात गृहीत धरलेले आहे. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, ‘नाट्यदर्पण’ लिहिणाऱ्या रामचंद्र आणि गुणचंद्र या जैन आचार्यांनी अधिक धीट भूमिका घेतली होती: करुण आणि भयानक हे रस दुःखात्मकच आहेत, आणि चमत्कृती वाटते ती कवीच्या व नटाच्या कौशल्याची. माझा कौल पहिल्या अर्ध्यापुरता या दोघांच्या बाजूने आहे. दुःख हे दुःखच राहते. त्याला आनंदाचा मुलामा देण्याचे कारण नाही. परंतु निव्वळ कौशल्याचे कौतुक असते, तर सिंधूसाठी गळ्यात आवंढा आला नसता, टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो. न. चिं. केळकरांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’, म्हणजे आपले आपलेपण न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे, ही उपपत्ती मोठी मार्मिक आहे. मात्र तिने आपण आत कसे शिरतो हे कळते, सुखाच्या इतक्या भूमिका मोकळ्या असताना नेमक्या दुःखाच्याच भूमिकेत वारंवार का शिरतो हे कळत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर नाट्यगृहापेक्षा घरातच शोधले पाहिजे. प्रत्यक्ष आयुष्यात दुःख करायला फुरसत मिळत नाही. घरातले माणूस गेले की डॉक्टरचा दाखला, गावोगावच्या सोयऱ्यांना निरोप, तिरडीच्या सामानाची तजवीज, दहाव्याला कावळा शिवतो की नाही याची धास्ती, तेराव्याला किती पाने वाढायची याचा अंदाज, आणि हे निस्तरते न निस्तरते तोच मृत्यूची नोंद, बँकेतले खाते, सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवण्यासाठी तलाठ्याकडे खेपा. ज्या मुलाने हे सगळे अंगावर घेतले, तो पुढे केव्हातरी सहज सांगून जातो की आई गेली तेव्हा रडायलासुद्धा सवड झाली नाही. प्रेक्षकाला अशी कसलीच कामगिरी नसते. सुधाकराच्या हातातला प्याला त्याला हिसकावून घेता येत नाही, सिंधूला माहेरी पोचवता येत नाही, त्याला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीरामाला चार शब्द सुनावता येत नाहीत. करण्यासारखे काहीच हाती नसल्यामुळे जे घडत आहे ते शेवटपर्यंत पाहणे आणि सोसणे एवढेच त्याच्या वाट्याला येते, आणि घरी अर्ध्यावर राहिलेले ते काम येथे तडीला जाते. तडीला गेलेल्या दुःखाचे जे समाधान असते, तेच मला या आनंदाचे मूळ वाटते.

भयाचीही हीच कथा. कोकणातल्या देवळापुढे दशावताराच्या आरंभी काळ्या कपड्यांत गुंडाळलेला, लांब जीभ लोंबणारा संकासुर येतो, तेव्हा पुढल्या रांगेतली पोरे किंचाळून आईच्या पदराआड दडतात आणि लगेच पदर बाजूला सारून बघतात. तो जवळ आला की पुन्हा दडतात, दूर गेला की ‘अजून का येत नाही?’ म्हणून कुरकुरतात. खरे भय पाठ फिरवून पळायला लावते, त्यामुळे त्याचे तोंड नीट पाहायला मिळतच नाही; खेळातले भय मात्र ते पाहू देते. मढी किंवा हिडीस प्राणी प्रत्यक्ष पाहताना क्लेश होतात, पण त्यांची हुबेहूब चित्रे पाहताना सुख होते, असे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे आणि त्याचे श्रेय त्याने जाणून घेण्याच्या सुखाला दिले आहे. नारायण धारपांच्या भयकथा रात्री वाचून मोरीपर्यंत जायला घाबरणाऱ्या मुलालाही पुढचे पान उलटल्याखेरीज चैन पडत नाही, ते याच कारणाने.

दूरचित्रवाणीवरल्या मालिकांतली रडारड मला कंटाळवाणी वाटते ती दुःख तडीला जात नाही म्हणूनच. तेथे प्रेतासमोरचा हंबरडा तीन वेगवेगळ्या कोनांतून दाखवतात, ढणढण वाद्ये वाजवतात, मध्येच साबणाची जाहिरात घालतात आणि गेलेला माणूस पुढल्या पंधरवड्यात परत आणतात. घरातल्याप्रमाणेच तेथेही दुःख पुरे होऊ दिले जात नाही.

मात्र ज्याच्या घरातला तरुण मुलगा नुकताच गेला आहे, त्याने ‘एकच प्याला’च्या शेवटच्या अंकातून मध्येच उठून जावे यात गैर काही नाही, आणि मित्रांनी ‘तेवढेच मन मोकळे होईल’ म्हणून त्याला आग्रहाने नाट्यगृहात नेऊ नये. त्याला रंगभूमीवरचे मरण वेगळे आणि घरातले वेगळे असे दिसत नसते. तो वर्षा-दोन वर्षांनी आपण होऊन तिकीट काढील, किंवा कधीच काढणार नाही.