पाच टक्क्यांची हमी: जीआयपी रेल्वेचा लाभांश कोणी भरला?

१६ एप्रिल जवळ आला की तेच चित्र पुन्हा फिरू लागते. बोरीबंदर ते ठाणे, १८५३, वाफेचे इंजिन, आणि खाली ओळ: ‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली.’ हा धागा त्यातील ‘दिली’ या क्रियापदाविरुद्ध आहे. देणाऱ्याच्या खिशातून काही गेले असेल तरच त्याला देणे म्हणता येते. येथे कोणाच्या खिशातून काय गेले, हे इंजिनाच्या चित्रात दिसत नाही. त्यासाठी कंपनीच्या लाभांशाचा इतिहास वाचावा लागतो.

१ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली. १७ ऑगस्टला तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. त्याआधी काही वर्षे ही योजना लंडनमध्ये भांडवल शोधत हिंडत होती. इंग्लंडमधील रेल्वेभागांचा ज्वर नुकताच उतरला होता आणि १८४७ च्या पडझडीत अनेकांचे हात पोळले होते. मुंबईत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी या कामासाठी घेतलेले कष्ट खरे आहेत, त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण लंडनचा भागधारक हलला तो हमीमुळे.

हमी अशी: भरणा झालेल्या भांडवलावर दरसाल ५ टक्के, ९९ वर्षांपर्यंत. जमीन फुकट. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून. धंदा नकोसा झाल्यास सहा महिन्यांची सूचना देऊन मार्ग सरकारच्या गळ्यात घालायचा आणि भांडवल परत घ्यायचे, ही मुभाही होती. कागदोपत्री याला ‘हमीचे व्याज’ म्हणत. नफ्यातोट्याशी ज्याचा संबंध नाही त्या लाभांशाला दुसरे नाव तरी काय देणार?

ही युक्ती नवी नव्हती. १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार बंद केला, पण भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश कायम ठेवून तो हिंदुस्थानच्या महसुलावर चढवला. ६० लाख पौंडांच्या भांडवलावर वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड. १८५८ साली कंपनीचे राज्य गेले, तरी लाभांश थांबला नाही; १८७४ साली शंभराच्या भागाला दोनशे देऊन तो फेडला गेला.

हमी मिळालेला माणूस खर्चाकडे कशाला पाहील? डलहौसीच्या काळातला अंदाज मैलामागे सुमारे ८,००० पौंडांचा होता. हमीच्या मार्गांवर प्रत्यक्ष खर्च १८,००० च्या आसपास गेला. माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली संसदीय समितीपुढे सांगितले की, पाच टक्के मिळत असताना आपला पैसा हुगळीत फेकला जातो की त्यातून विटांचे बांधकाम होते, याची इंग्रज भांडवलदाराला पर्वा नव्हती. व्हाइसरॉय लॉरेन्स यांनीही १८६९ साली तक्रार केली होती की नफा सारा कंपन्यांचा आणि तोटा सारा सरकारचा. हे दोघे काही पुण्याच्या सार्वजनिक सभेचे सभासद नव्हते.

जानेवारी १८५९ मध्ये बोरघाटातील मजुरांनी थकलेल्या मजुरीसाठी दंगा केला. मजुरी थकू शकत होती. भागधारकाचा हप्ता थकण्याची सोय करारातच नव्हती.

आता वांगणीला या. वांगणी म्हटले की बदलापूर आणि शेलू यांच्यामधले स्थानक आठवते, तेही जीआयपीच्याच मार्गावरचे. मी म्हणतो ती वांगणी जव्हार-मोखाड्याकडची. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटाचा मार्ग खुला झाला. तो कसाऱ्यावरून इगतपुरीला चढला आणि हा डोंगरी मुलूख बाजूलाच राहिला. जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत आजही रेल्वेस्थानक नाही. हा भाग तेव्हा मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात होता, शेतसारा दरबारात जाई. मग येथल्या वारली-कोळी-कातकऱ्यांचा या लाभांशाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध मिठाचा. किनाऱ्यावरच्या मिठागरातून निघतानाच मिठावर इंग्रज सरकारचा कर बसे. संस्थानाला समुद्र नव्हता, मीठ विकतच घ्यावे लागे. हमीची तूट ज्या तिजोरीतून भरली जाई तिच्यातच हा कर पडत असे. १८८८ साली तो मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. त्याच वर्षी बोरीबंदरला कंपनीचे भव्य मुख्यालय, व्हिक्टोरिया टर्मिनस, बांधून पूर्ण झाले. योगायोगच; पण लक्षात ठेवण्याजोगा.

‘पुढे रेल्वेला नफा झालाच ना?’ झाला. १८७० च्या नव्या करारात सरकारने तोवर भरलेल्या हमीच्या रकमेवरचा दावा सोडला, पंचवीस वर्षांनी मार्ग विकत घेण्याचा हक्कही सोडला, आणि बदल्यात पाच टक्क्यांवरच्या नफ्यातला अर्धा वाटा घेतला. रुपयाचा दर करारात २२ पेन्स बांधलेला होता. १८९० च्या दशकात रुपया बाजारात १५ पेन्सांच्याही खाली घसरला, हिशेब मात्र २२ नेच होत राहिला. फरक कोणी सोसला, हे सांगायला नको.

अखेर ३० जून १९०० रोजी सरकारने मार्ग विकत घेतला. किंमत ठरली आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी बाजारभावाने. भाव दर्शनी किमतीच्या कितीतरी वर होता, आणि तो तसा राहण्यात सरकारच्या हमीचा मोठा हात होता. म्हणजे आपल्याच हमीने फुगवलेली किंमत हिंदुस्थानने पुन्हा मोजायची! ती एकरकमी दिली गेली नाही. वार्षिक हप्ते बांधले गेले, आणि शेवटच्या हप्त्याची मुदत मूळ कराराच्या नव्व्याण्णव वर्षांप्रमाणेच ठरली: १७ ऑगस्ट १९४८.