छावणीस काय न्यावें?

हिंवाळा आला कीं शाळेच्या छावणीची वार्ता पसरते, आणि "बरोबर काय काय न्यावयाचें?" हा प्रश्न घरोघरीं निघतो. प्रश्न दिसावयास क्षुल्लक; परंतु कोणता मुलगा छावणीस येणार व कोणता घरीं राहणार, हें पुष्कळदां त्याच्या उत्तरावरच ठरतें. ही गोष्ट आम्हांस उशिरा कळली.

कांहीं वर्षांमागें हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशीं, पाचनई गांवाजवळ, आमच्या मुलांची छावणी पडली. सामानाची यादी आम्हींच केली होती. तींत स्लीपिंग बॅग, गिर्यारोहणाचे बूट, मोठी सॅक अशा वस्तु आम्हीं फारसा विचार न करितां लिहून टाकल्या. नववींतील एका विद्यार्थ्यानें "घरीं काम आहे" असें सांगून नांव काढून घेतलें. पुढें त्याच्या आईशीं बोलतांना कळलें कीं, मुलानें ती यादी घरीं दाखविलीच नव्हती. त्या दिवशीं आम्हांस आपल्याच लेखणीची लाज वाटली.

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं, छावणीचें सामान शक्य तों घरांतूनच निघावें, दुकानांतून नव्हे. ही केवळ काटकसर नाहीं. शास्त्रही याच बाजूस आहे. रात्रीं अंगांतील ऊब जशी वरच्या हवेंत जाते तशीच खालच्या गार जमिनींतही जाते. म्हणून पांघरुणें दोन असतील तर एक खालीं अंथरावें. लोंकर भिजली तरी बरीचशी ऊब राखते; सुती कापड भिजलें कीं उलट अंग गारठतें. दख्खनी मेंढीच्या लोंकरीचें घोंगडें घेऊन आपल्याकडील मेंढपाळ उघड्या माळावर पिढ्यान् पिढ्या रात्री काढीत आले आहेत. तें जड असतें, हें खरें. पण दोघांनीं आळीपाळीनें वाहिलें तर भार होत नाहीं.

तेव्हां प्रत्येकानें इतकेंच आणावें: घोंगडें किंवा जाड चादर, खालीं घालण्यास सतरंजी, स्वेटर व कानटोपी, रात्रीसाठीं कोरडे कपडे, प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून, पायमोजांचे दोन जोड, २ लिटर पाणी मावेल अशा बाटल्या, ताट व पेला, विजेरी व जादा सेल, एक शिटी, आणि नेहमीचें औषध असल्यास तें. बूट नवे नकोत. नव्या बुटांनीं पहिल्याच चढणीवर फोड येतात. पायांत रुळलेले व तळ न झिजलेले असले म्हणजे झालें. सन २०२० च्या धोरणानें दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावें असें ठरविलें आहे. तोच नियम गडाच्या चढणीस लावावा. ४० किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर ४ किलो पुरेत.

तंबू, दोर, भांडीं व प्रथमोपचाराची पेटी ही शाळेची जबाबदारी. त्या पेटींत साखर व मीठही असावें. १ लिटर स्वच्छ पाण्यांत ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलें कीं जुलाबावर साधें जलसंजीवनीचें पाणी तयार होतें.

गाणीं वाजविणारीं यंत्रें मात्र घरींच ठेवावीं. हा मुलूख १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथें आपण पाहुणे आहोंत. नेलेलें प्रत्येक वेष्टन परत आणावें.

इ. स. १९०७ मध्यें बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर पहिली बालवीर छावणी भरविली. तींतील सुमारे २० मुलें कांहीं श्रीमंतांच्या विद्यालयांतील, तर कांहीं कष्टकऱ्यांच्या घरचीं होतीं. तीं एकत्र राहिलीं व एकत्र जेवलीं. छावणीचें खरें शिक्षण तेंच होय. पाठीवरच्या सामानानेंच जर मुलांत दोन वर्ग पडले, तर गड चढून काय मिळविलें?

यादी बदलल्यावर तो विद्यार्थी पुढील वर्षीं आजोबांचें घोंगडें घेऊन आला. पालकांस आमची विनंति आहे कीं, यादींतील एखादी वस्तु घरीं नसल्यास ती विकत घेऊं नये, दोन ओळींची चिठ्ठी पाठवावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरीं एखादें पांघरूण अधिक असेल तर तें बरोबर आणा. कोणासाठीं, हें विचारूं नका.